तिसरा बुकशेल्फ सेंटर म्हणून लावावा का?

खारघरच्या एका घरातून प्रश्न आला आहे. हॉल अकरा बाय सतरा फुटांचा. लांब भिंतीवर ५५ इंची टीव्ही, खाली सुताराकडून करून घेतलेलं टीव्ही युनिट, दोन बाजूंना पाच इंची वूफरचे (खालच्या आणि मधल्या सुरांचा मोठा कोन) बुकशेल्फ, म्हणजे लहान डब्याचे स्पीकर, कोपऱ्यात खर्जासाठी सबवूफर आणि ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर. सेंटर, म्हणजे टीव्हीजवळ मधोमध ठेवायचा, मुख्यतः संवादांचा स्पीकर, अजून घेतलेला नाही. समोर तिघांचा सोफा आणि उजवीकडे खिडकीजवळ वडिलांची खुर्ची. सोफ्यावर मधे बसलं की सिनेमा छान ऐकू येतो, पण वडिलांना संवाद नीट कळत नाहीत. दुकानदार सांगतो, त्याच कंपनीचा आडवा सेंटर घ्या. मित्र सांगतो, आहेत तसलाच तिसरा बुकशेल्फ मधे लावा. ऐकायचं कोणाचं?

मित्राचं ऐका. तुमच्या बैठकीला, आणि विशेष करून वडिलांच्या खुर्चीला, त्याच मॉडेलचा तिसरा बुकशेल्फ हाच जास्त चांगला सेंटर ठरेल. अट एकच, पण ती कडक आहे. तो उभाच राहिला पाहिजे आणि त्याचं तोंड कानांकडे पाहिजे. आडवा करून युनिटच्या खणात कोंबायचा असेल तर उत्तर बदलतं, तेही पुढे सांगतो. ठाण्यापासून पनवेलपर्यंत घरोघरी सिस्टिम लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. सेंटरबद्दलची तक्रार बहुतेक वेळा स्पीकर कोणता घेतला याची निघत नाही, तो कुठे आणि कसा ठेवला याची निघते.

आधी वडिलांना का कळत नाही ते पाहू, कारण उपाय त्यावरच ठरतो. सेंटर नसला की रिसीव्हर त्याच्या वाट्याचा आवाज, म्हणजे बहुतेक संवाद, डाव्या-उजव्या स्पीकरला सारखा वाटून देतो. बरोबर मधे बसलेल्या माणसाकडे दोन्ही आवाज एकाच वेळी पोचतात आणि तो संवाद पडद्याच्या मधोमध असल्यासारखा ऐकू येतो. तुम्ही पाठवलेल्या मापांनुसार वडिलांची खुर्ची मधल्या रेषेपासून १.३ मीटर उजवीकडे आणि टीव्हीपासून २.४ मीटरवर आहे. दोन स्पीकरमधलं अंतर २ मीटर. म्हणजे उजवा स्पीकर त्यांच्यापासून सुमारे २.४ मीटरवर आणि डावा ३.३ मीटरवर. डाव्याचा आवाज ९० सेंटिमीटर जास्त चालून, अडीच मिलिसेकंद उशिरा येतो. अशा वेळी आपला कान आधी आलेल्या आवाजाचीच दिशा खरी धरतो. पडद्यावर कोणीही बोललं तरी वडिलांना ते उजव्या डब्यातूनच बोलल्यासारखं वाटतं. ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, त्यात संवादावर पार्श्वसंगीतही त्याच डब्यातून चढलेलं. शब्द निसटणारच.

मधे बसणाऱ्यालाही पूर्ण न्याय मिळत नाही. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला आधी आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानाला साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो. उजव्याचं याच्या उलट. प्रत्येक कानात हे दोन आवाज एकत्र येतात तेव्हा २००० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना काही अंशी खोडतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हर्मन या ऑडिओ कंपनीत स्पीकरच्या मोजमापांवर काम केलेल्या फ्लॉइड टूल यांनी या खड्ड्याकडे लक्ष वेधलं आहे. शब्द समजण्यासाठी हा पट्टा फार मोलाचा. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ यांतला फरक बराचसा याच्या आसपास आणि याच्या वरच कळतो. त्यामुळे एकट्याने मधे बसून पाहणाऱ्यालाही खरा सेंटर लावल्यावर संवाद जरा पुढे आल्यासारखे वाटतात. घरात चारजण बसणार असतील तर खरा सेंटर हवाच.

मग प्रश्न उरतो तो कोणता. समोर तीन सारखे स्पीकर ही कल्पना होम थिएटरच्या खूप आधीची आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला, तो डावा, मधला आणि उजवा अशा तीन वाहिन्यांवरून. मधली वाहिनी ठेवण्याचं कारण हेच, की कडेच्या खुर्चीतल्या श्रोत्यालाही मधला आवाज मधेच ऐकू यावा. आजही थिएटरमध्ये बारीक भोकं असलेल्या पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर उभे असतात आणि सहसा ते तिन्ही एकाच जातीचे असतात. तिथे मधल्यासाठी वेगळा आडवा डबा कोणी करत नाही. आडवा डबा घरात आला, कारण घरातला पडदा म्हणजे टीव्ही, त्याच्या मागे स्पीकर ठेवता येत नाही. मग तो टीव्हीच्या वर किंवा खाली मावेल असा बसका झाला. आकार जागेने ठरवला.

आता त्या आकाराची किंमत पाहू. नेहमीच्या आडव्या सेंटरमध्ये मधे ट्विटर (वरच्या पट्टीचा लहान स्पीकर) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर असतो. दोन्ही वूफर एकच आवाज काढतात. पाच इंची वूफर असतील तर त्यांच्या केंद्रांमधलं अंतर साधारण ३० सेंटिमीटर निघतं. समोर बसलेल्याला दोन्ही वूफर सारख्याच अंतरावर, म्हणून काही बिघडत नाही. पण वडिलांची खुर्ची मधल्या रेषेपासून साधारण २८ अंशांवर आहे. तिथून एक वूफर दुसऱ्यापेक्षा सुमारे १४ सेंटिमीटर लांब पडतो. ज्या आवाजाच्या लहरीची निम्मी लांबी १४ सेंटिमीटर, त्या आवाजात एक वूफर ढकलत असताना दुसरा ओढत असतो आणि दोघांची बेरीज शून्याकडे जाते. हिशेब केला तर तो आवाज येतो सुमारे १२०० हर्ट्झ. सोफ्याच्या टोकाला, १८ अंशांवर, हाच खड्डा १८०० हर्ट्झच्या आसपास सरकतो. ट्विटर सहसा २००० ते ३००० हर्ट्झच्या मधे कुठेतरी सूत्रं हातात घेतो, म्हणजे खड्डा पडतो तेव्हा तिथे दोन वूफरच वाजत असतात आणि तो ऐन माणसाच्या बोलण्यात पडतो. भिंतींवरून परतणारा आवाज तो थोडा बुजवतो, म्हणून माणूस ‘आवाज गेला’ असं म्हणत नाही. ‘बोलणं पोकळ वाटतं, जरा मोठं कर’ असं म्हणतो. मोठं केल्याने खड्डा भरत नाही.

दोन वूफरच्या मधे ट्विटर ही रचना मुळात वाईट नाही. अमेरिकी अभियंते जोसेफ डॅपोलिटो यांनी १९८३ मध्ये तिचं गणित नीट मांडलं, पण ते उभ्या स्पीकरसाठी. उभी ठेवली की तिचे खड्डे छताकडे आणि जमिनीकडे जातात, जिथे कोणी बसलेलं नसतं. तीच आडवी केली की खड्डे सोफ्यावर येतात.

सगळ्याच आडव्या सेंटरांना मी नावं ठेवत नाही. काहींत दोन वूफरच्या मधे एक लहान मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर) आणि त्याच्या डोक्यावर ट्विटर असतो. त्यात वूफर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास बाजूला होतात आणि बोलण्याचा महत्त्वाचा भाग मधल्या उभ्या जोडीतून येतो. असा सेंटर कडेच्या खुर्चीलाही चांगला ऐकू येतो, फक्त महाग आणि बराच उंच असतो. काहींत एक वूफर फक्त खालच्या सुरांपुरता वाजतो आणि वरचं काम दुसऱ्या एकट्याकडे राहतं, तिथेही त्रास कमी. आणि तुमच्या घरी सगळे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांच्या आतच बसत असतील, तर साधा आडवा सेंटरही बिनधास्त घ्या. ठाण्यातल्या जुन्या इमारतींतल्या अरुंद, लांबट हॉलमध्ये दोन माणसांचा सोफा टीव्हीच्या बरोबर समोर असतो, तिथे मी स्वतः तो लावून दिला आहे. तुमची बैठक तशी नाही.

उभ्या बुकशेल्फमध्ये ट्विटर वर आणि वूफर बरोबर त्याच्या खाली. तुम्ही डावीकडे बसा की उजवीकडे, दोघांची अंतरं एकत्रच बदलतात आणि त्यांच्यात वाद होत नाही. वाद होतो तो खूप वरून किंवा खूप खालून ऐकलं तर, म्हणून कानाकडे तोंड करण्याची अट घातली. दुसरा फायदा सुरातल्या सारखेपणाचा. पडद्यावर रिक्षा डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा तिचा आवाज तिन्ही स्पीकरांतून जातो. मधला वेगळा असला की रिक्षा मधे येताच आवाजाचा पोत बदलतो. रिसीव्हरचं ऑटो सेटअप, म्हणजे माइकने मोजून आवाज जुळवण्याची सोय, समोरच्या आवाजातला फरक बराच जुळवतं, पण स्पीकर बाजूला, छताला, भिंतींना जो आवाज फेकतो तो त्याला बदलता येत नाही. तीन एकाच मॉडेलचे असले की हा प्रश्नच उरत नाही.

आता जागा. माझ्या मते या कामाचं यश नव्वद टक्के इथेच ठरतं, म्हणून टेप घेऊन बसा.

युनिटची उंची तुम्ही ४५ सेंटिमीटर लिहिली आहे आणि टीव्हीची खालची कड जमिनीपासून ९१ वर. मधे ४६ सेंटिमीटर मोकळे. पाच इंची वूफरचा बुकशेल्फ साधारण ३० ते ३४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे युनिटच्या वर, टीव्हीच्या खाली, तो उभा सहज मावतो आणि तिरका करायलाही जागा उरते. फक्त टीव्हीचा रिमोट पकडणारा डोळा खालच्या कडेला मधोमध असेल तर तो झाकला जाणार नाही एवढं पाहा. ट्विटर जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या आसपास येईल. सोफ्यावर बसलेल्याचे कान १०० सेंटिमीटरला असतात. २.७ मीटरवरून हा फरक सहा अंशांचा. डबा २५ सेंटिमीटर खोल असेल तर पुढची कड पावणेतीन सेंटिमीटर उचलली की ट्विटर थेट कानाकडे पाहतो. दार अडवायचे रबरी पाचर दोन घ्या, पुढच्या दोन कोपऱ्यांखाली सरकवा, मागे रबराची एक पट्टी लावा म्हणजे डबा सरकणार नाही. नेम तपासायला हातआरसा पुरतो. तो ट्विटरशेजारी डब्याच्या तोंडाला सपाट लावून कोणाला तरी धरायला सांगा आणि तुम्ही सोफ्यावर बसा. आरशात स्वतःचा चेहरा दिसला की नेम बरोबर. आडव्या दिशेने मात्र वडिलांकडे वळवू नका, सरळ मधे राहू द्या. उभ्या डब्याला २८ अंश जड जात नाहीत.

आवाज पडद्याच्या खालून येतोय असं वाटेल का, ही शंका बऱ्याच जणांना येते. पहिले काही दिवस जाणवतं, मग विसरायला होतं. वर-खालीची दिशा ओळखण्यात आपला कान कच्चा आहे आणि डोळ्यांना हलणारे ओठ दिसले की मेंदू आवाज तिथेच नेऊन बसवतो.

तो खणात घालू नका. आपल्याकडची बरीच युनिटं मागे प्लाय, बाजूला ड्रॉवर आणि पुढे काच अशी असतात. त्या खणात स्पीकर ठेवला की पुरुषी आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. वूफरमागचं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, बंद पोकळीत फुंकतं आणि खणाच्या भिंती १०० ते ३०० हर्ट्झचा भाग फुगवतात. अगदी इलाजच नसेल तर काच काढा, मागच्या प्लायला मोठा चौकोन कापून घ्या, डब्याचं तोंड खणाच्या कडेपेक्षा सेंटिमीटरभर बाहेर आणा, पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला आणि उरलेल्या फटीत जाड फोम भरा. युनिटच्या वर ठेवलेल्या डब्यालाही शेवटचं एक पथ्य आहे: तो मागे भिंतीशी ढकलू नका, युनिटच्या पुढच्या कडेशी आणा. नाहीतर सनमायक्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून आवाज परत उसळतो आणि संवादांना एक चकाकती धार येते.

टीव्ही खूप खाली लावलेला असून उभा डबा मावतच नसेल, तर पर्याय कमी होतात. एक, टीव्ही थोडा वर घ्या, ब्रॅकेट हलवणं एका दुपारचं काम आहे. दोन, सेंटर टीव्हीच्या वर भिंतीवर लावा आणि उलटा लावा, म्हणजे ट्विटर खाली येऊन पडद्याच्या जवळ राहील, वर खाली झुकवून कानांकडे रोखा. बुकशेल्फ उलटा वाजवल्याने त्याचं काही बिघडत नाही. तीन, ज्यात ट्विटर वूफरच्या बरोबर मधोमध बसवलेला असतो असे स्पीकर वापरा. केईएफ या कंपनीने १९८८ मध्ये आणलेली युनि-क्यू ही त्यातली सर्वात माहितीतली रचना. तिथे दोन्ही आवाज एकाच बिंदूतून निघतात, त्यामुळे डबा आडवा टाकला तरी चालतो. पण मग डावा-उजवाही त्याच मालिकेतला हवा.

साधा बुकशेल्फ आडवा टाकला तर काय होतं? ट्विटर आणि वूफरच्या केंद्रांत १५-१६ सेंटिमीटर अंतर असतं. खुर्चीच्या कोनातून हा फरक साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, आणि नेमक्या क्रॉसओव्हरच्या, म्हणजे वूफरकडून ट्विटरकडे काम जातं त्या, पट्ट्यात दोघे एकमेकांना खोडतात. दोन वूफरच्या सेंटरपेक्षा हा त्रास अरुंद पट्ट्यातला, पण आहेच. मधे बसून एकट्याने पाहणाऱ्याने आडवा टाकावा, वडिलांसाठी सेंटर घेणाऱ्याने टाकू नये.

ताकदीची काळजी सोडा. दुकानात सांगतात की सेंटरला दोन वूफर असतात म्हणून तो ‘जास्त खेचतो’. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या (एका वॅटला एक मीटरवर एवढा आवाज) बुकशेल्फला ५० वॅट दिले तर २.७ मीटरवर ९४-९५ डेसिबल सहज मिळतात. सोसायटीत त्याआधी शेजारी येतील. चुंबकीय शील्डिंगही लागत नाही, ती जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीसाठी असायची. तार इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची, पूर्ण तांब्याची, दोन कोरची घ्या, पाच-सहा मीटरला ती भरपूर झाली. लाल-काळा मात्र दोन्ही टोकांना तपासा. सेंटर उलटा जोडला गेला की तो डाव्या-उजव्याच्या विरोधात वाजतो आणि मधला आवाज विस्कटतो.

रिसीव्हरचं ऑटो सेटअप करताना पंखा आणि एसी बंद ठेवा, रस्त्याची वर्दळ कमी असेल अशी वेळ धरा. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, तिपाईवर किंवा कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवा. पहिलं माप सोफ्याच्या मध्यावर, पण पुढच्या मापांत वडिलांची खुर्ची जरूर घ्या. झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बघा. बऱ्याचदा रिसीव्हर पाच इंची डब्यालाही ‘लार्ज’, म्हणजे खर्जही पेलणारा, ठरवतो. तिन्ही पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे जाईल. फार लहान डबा घेतला की क्रॉसओव्हर दीडशेपर्यंत चढवावा लागतो आणि मग पुरुषांच्या आवाजाचा खालचा भाग कोपऱ्यातल्या सबवूफरमधून येऊ लागतो. म्हणून तीन-साडेतीन इंची वूफरचा इवलासा सेंटर कोणी सुचवला तर नको म्हणा. शेवटी सेंटरची पातळी दोन डेसिबल वाढवून पाहा. घरात आवाज कमी ठेवून पाहताना ते बरं पडतं. रात्री डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातला फरक, कमी करणारं सेटिंग लावा, स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते.

सेंटर लावल्यावर हमखास येणारी एक तक्रार म्हणजे ‘तो वाजतच नाही’. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये पीसीएम निवडलेलं असेल तर रिसीव्हरला डावी-उजवी अशा आवाजाच्या दोनच वाहिन्या मिळतात. तिथे ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा. टीव्हीच्या अ‍ॅपमधला आवाज एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयने घ्या (तिथून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत येतो), ऑप्टिकल तारेने स्ट्रीमिंगचा डॉल्बी डिजिटल प्लस हा अनेक वाहिन्यांचा आवाज जात नाही. टीव्ही चॅनेलवरच्या मालिका, बातम्या आणि मॅचची कॉमेंट्री स्टिरिओत येत असेल तर रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड मोड लावा, तो मधला आवाज वेगळा काढून सेंटरला देतो. स्टिरिओ किंवा डायरेक्ट मोडमध्ये सेंटर गप्पच राहणार. वडील जे सर्वात जास्त पाहतात ते हेच कार्यक्रम असतील, म्हणून हे बटण त्यांना रिमोटवर दाखवून ठेवा.

स्पीकरच्या बाहेरचंही थोडं. डोक्यावरचा पंखा पाचवर असेल तर त्याची घरघर नेमकी हळुवार व्यंजनांवर बसते. सिनेमाच्या वेळी तो दोनवर आणा. व्हिट्रिफाइड टाइल्स, सरकत्या खिडकीची काच आणि जिप्समचं छत, तिन्ही आवाज परत फेकतात. सोफा आणि टीव्हीच्या मधे जाड गालिचा आणि वडिलांच्या खिडकीला जाड पडदा, एवढ्याने बोलणं कोरडं आणि स्पष्ट होतं. आणि एक आपुलकीने सांगतो: वयाबरोबर वरच्या पट्टीचं ऐकू येणं आधी कमी होतं. माणसाला ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ असं वाटतं. त्यांची श्रवणचाचणी करून घ्या. चांगला सेंटर मदत करतो, पण कानाला यंत्र लागणार असेल तर ती गरज स्पीकरने भागत नाही.

खरेदीची अडचण खरी आहे, बुकशेल्फ जोडीनेच विकतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या ओळखीच्या दुकानात डेमोचा एखादा सुटा नग आहे का ते विचारा, कधी मिळून जातो. नाही मिळाला तर दुसरी जोडी घ्या. ५.१ पूर्ण करायचं असेल तर दोन जोड्या घेतल्या की सेंटर, दोन मागचे आणि एक राखीव असा हिशेब बसतो. राखीव नग माळ्यावर टाकू नका. पावसाळ्यातल्या दमटपणाने एमडीएफच्या कडा फुगतात, वूफरच्या कागदी कोनवर बुरशी धरते. तो कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, नाहीतर अभ्यासाच्या खोलीत संगणकाजवळ लावून वापरात ठेवा. जुना नग घेत असाल तर वूफरभोवतीची कड रबराची आहे की फोमची ते हात लावून बघा. फोमची कड आपल्या हवेत भुगा होते.

हे सगळं करण्याआधी एका संध्याकाळी, पैसे न घालवता, खात्री करून घ्या. रिसीव्हर बंद करा, डावा स्पीकर सोडवा आणि सेंटरच्या टर्मिनलला जोडून युनिटवर मधे उभा ठेवा. पाचर लावून तोंड वर करा, सेटिंगमध्ये सेंटर आहे असं सांगा. रिसीव्हरचा टेस्ट टोन सेंटरला लावा, तो ‘शूऽऽ’ असा एकसारखा आवाज असतो. सोफ्याच्या मध्यापासून वडिलांच्या खुर्चीपर्यंत कान त्याच उंचीला ठेवून हळूहळू सरका. त्या ‘शूऽऽ’चा रंग फारसा बदलणार नाही. मग डबा आडवा टाका आणि तीच फेरी पुन्हा मारा. वाटेत एका ठिकाणी आवाज पोकळ झाल्याचं तुमच्या कानाला स्वच्छ कळेल. त्यानंतर डबा परत उभा करा आणि वडिलांना त्यांच्या खुर्चीत बसवून डॉल्बी सराउंडवर अर्धा तास बातम्या लावा. त्यांना शब्द कळले तर दुसरी जोडी मागवा. मागवताना मॉडेलच्या नावापुढचा आकडा आणि शेवटचं अक्षरही जुळतंय का ते डब्याच्या मागच्या पट्टीवर वाचून घ्या, कारण नवी आवृत्ती निघाली की नाव तेच राहून आत ट्विटर बदललेला असू शकतो. जुनी आवृत्ती दुकानांतून संपत आली असेल तर ठरवायला फार दिवस लावू नका.